वरचं यंत्र खाली का पडत नाही?

 आपल्या रेडिओवर मी दरवेळी बचतीचं, कर्जाचं, जोडधंद्याचं बोलते. आज जरा मान वर करून बोलणार आहे. आभाळाबद्दल, ग्रहांबद्दल आणि उपग्रहांबद्दल. "ताईला आज काय सुचलं हे?" असं म्हणून बटण फिरवू नका. बोलणं सुरू झालंय कांद्याच्या वावरातून, आणि शेवटी मी तिथंच परत येणार आहे.

गोष्ट एप्रिल महिन्यातली. आमच्या गटातल्या एका वहिनीनं बियाणं-खतासाठी गटाकडून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं होतं. कांदा चांगला पोसला होता. काढणी झाली आणि पात सुकण्यासाठी माल वावरातच पसरला होता. दुपारी तिच्या मोबाईलवर संदेश आला. येत्या दोन दिवसांत विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि वादळी वारा होण्याची शक्यता, काढलेला माल सुरक्षित ठेवा. वहिनी सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, कांदा गोळा करून वर कागद टाकू या."

ऊन तर असं की डोळे उघडवत नव्हते. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मामंजी म्हणाले, "कुणी सांगितलं पाऊस येणार म्हणून?" ती म्हणाली, "वर उपग्रह असतो, त्याला ढग दिसतात." मामंजी हसले. "वर यंत्र टांगलंय? कशाला टांगलंय? दगड वर फेकला तर खाली येतो, अन् हे एवढं धूड वरच राहतं? ते पडत कसं नाही, एवढं सांग. मग टाकू कागद."

वहिनी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला आणि दीड तास पाऊस झाला. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. निम्मा माल सडून गेला.

महिन्याच्या बैठकीत हजेरी झाली, बचत जमा झाली, कर्जाच्या हप्त्याची वेळ आली. वहिनी रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, हप्ता नाही माझ्याकडं. पण तुम्ही बीए झालाय, तर एक सांगा. ते यंत्र पडत कसं नाही? त्या दिवशी मला सांगता आलं असतं ना, तर निदान पुढचं बोलता आलं असतं."

बायांनो, खरं सांगते, मलाही उत्तर येत नव्हतं. मी बीए झाले ती इतिहास घेऊन. दहावीत विज्ञानात कशीबशी पास झाले आणि त्या विषयाकडं पुन्हा वळून पाहिलं नाही. "पुढच्या बैठकीत सांगते," म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर दहावीतल्या भाचीकडून विज्ञानाचं पहिल्या भागाचं पुस्तक मागून घेतलं. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण आणि शेवटचा धडा अवकाश मोहिमा! म्हणजे ज्या प्रश्नापाशी आम्ही बारा जणी अडलो होतो, त्याचं उत्तर गावातल्या दहावीच्या प्रत्येक पोरीच्या दप्तरात होतं. दोन संध्याकाळी हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंकडं जाऊन बसले. त्यातून मला जे समजलं, तेच आज तुम्हाला सांगते.

आधी एक कबूल करू. मामंजींचा प्रश्न वेडगळ नव्हता. ज्याचं नाव सगळं जग घेतं, त्या आयझॅक न्यूटनलाही असाच प्रश्न पडला होता. झाडावरून सफरचंद खाली पडतं, मग वरचा चंद्र का पडत नाही? ते फळ त्याच्या डोक्यात पडलं ही नंतरची भर आहे, पण फळ पडताना पाहून तो विचाराला लागला, हे त्यानं स्वतः म्हातारपणी सांगितलं होतं. त्या विचारातून निघालेला नियम त्यानं १६८७ साली पुस्तकात छापला. पृथ्वीच्या अंगी वस्तूंना ओढून घेण्याची शक्ती आहे, असं आपल्याकडं भास्कराचार्यांनीही ११५० च्या सुमाराच्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथात लिहिलं होतं. ती ओढ किती आणि कशी कमीजास्त होते, याचा हिशेब न्यूटननं मांडला.

गुरुत्वाकर्षण हा शब्द जड वाटतो. आपण त्याला 'ओढ' म्हणू. पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्या मध्याकडं ओढते. आपण 'खाली' म्हणतो ते म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडं. लहानपणी मला वाटायचं, पृथ्वी गोल आहे तर पलीकडच्या बाजूची माणसं गळून कशी पडत नाहीत? पडतील कुठं? त्यांचंही 'खाली' मध्याकडंच आहे. पुरणाच्या गोळ्याला चारी बाजूंनी मुंग्या चिकटाव्यात, तशी आपण सगळी चारी बाजूंनी पृथ्वीला धरून आहोत.

ही ओढ एकट्या पृथ्वीकडं नाही. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. मग माझा हंडा शेजारणीच्या हंड्याला ओढतो का? ओढतो, पण इतका कमी की कुणालाच कळणार नाही. ओढ जाणवायची तर पृथ्वीएवढं, चंद्राएवढं मोठं अंग लागतं. नियम दोनच. वस्तूत द्रव्य जितकं जास्त, तितकी ओढ जास्त. अंतर जितकं वाढेल, तितकी ओढ कमी, आणि तीही झपाट्यानं. अंतर दुप्पट झालं तर ओढ चौथा हिस्सा राहते. तिप्पट झालं तर नववा हिस्सा.

आपल्या गटात डाळ, मसाला, पापड वजन करून विकतो, म्हणून वजनाचंही सांगते. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोरानं ओढते ते. चंद्र पृथ्वीपेक्षा खूप लहान, त्यामुळं त्याच्या पृष्ठभागावरची ओढ इथल्या सहाव्या हिश्शाएवढी आहे. सहा किलो डाळ चंद्रावर नेऊन स्प्रिंगच्या काट्याला अडकवली, तर काटा एकच किलो दाखवेल. डाळ कुणी चोरलेली नसते, दाणा न् दाणा तेवढाच असतो, फक्त खालून ओढणारा कमी जोराचा. आणि हीच डाळ दोन पारड्यांच्या तराजूत तोलली तर? तिथंही बरोबर सहा किलोच भरेल, कारण डाळीची ओढ कमी झाली तशी पलीकडच्या मापाचीही झाली. म्हणजे तराजू माल किती आहे ते सांगतो आणि स्प्रिंगचा काटा ओढ किती आहे ते सांगतो.

दुसरी एक गोष्ट मला खोटी वाटली होती. जड वस्तू आधी पडते आणि हलकी मागून, असंच आपण समजतो. खरं तर ओढ दोघींना सारख्याच वेगानं खाली आणते. कोंबडीचं पीस रेंगाळतं ते हवेमुळं. १९७१ साली अपोलो १५ या यानातून चंद्रावर गेलेल्या डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात पक्ष्याचं पीस धरून एकदम सोडलं. चंद्रावर हवा नाही. दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले. पृथ्वीवर हवेचा अडथळा सोडला तर कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात साधारण पाच मीटर खाली येते. हा पाचाचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मामंजींच्या दगडाकडं येऊ. दगड वर फेकला तर खाली येतो, हे खरंच आहे. पण आडवा फेकला तर? हळू फेकला तर पायापाशी पडतो. जोरात फेकला तर बांधापाशी. गोफणीनं फेकला तर बांधापलीकडं. म्हणजे जितका जोर जास्त, तितका तो पडायच्या आधी लांब जातो. न्यूटननं आपल्या मनात एक खूप उंच डोंगर उभा केला, त्यावर तोफ ठेवली आणि विचार केला, की गोळा आडवा सोडला आणि जोर वाढवतच नेला तर काय होईल?

इथं पृथ्वीचा गोलपणा कामाला येतो. आपल्याला जमीन सपाट दिसते, पण ती वाकत गेलेली आहे. सरळ रेषेत आठ किलोमीटर गेलं, तर तेवढ्यात जमीन साधारण पाच मीटर खाली वाकलेली असते. आता मघाचा आकडा आठवा. वस्तू पहिल्या सेकंदात पाच मीटर पडते. मग एखादी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटर इतक्या वेगानं आडवी फेकली तर? एका सेकंदात ती पाच मीटर खाली आली, पण खालची जमीनही पाच मीटर खाली गेलेली! अंतर होतं तेवढंच राहिलं. पुढच्या सेकंदालाही तेच, त्याच्या पुढच्याही तेच. ती पडते आहे, पडतेच आहे, पण जमीन काही तिच्या हाती लागत नाही. अशी ती पृथ्वीभोवती गोल फिरत राहते.

मैत्रिणींनो, हेच उत्तर आहे. उपग्रह पडत नाही असं नाही. तो सारखा पडतच असतो. पण आडवा इतक्या वेगानं पळत असतो, की त्याचं पडणं पृथ्वीच्या भोवतीनं वळत जातं. त्याला कुणी टांगलेलं नाही. वेगच त्याला वर राखतो.

हे हातानं समजून घ्यायचं असेल तर गोफण घ्या. ज्वारीच्या राखणीला पाखरं हाकलायला आपल्यातल्या कितीतरी जणींनी ती फिरवली आहे. दगड डोक्याभोवती गोल फिरतो, कारण दोरी त्याला हाताकडं ओढून धरते. दोरी सोडली की दगड गोल फिरत बसत नाही, सरळ निघून जातो. म्हणजे दगडाची मूळची चाल सरळ जाण्याची आणि दोरीची ओढ हाताकडं, या दोन्ही मिळून गोल फेरा होतो. उपग्रहाचंही तेच. फरक एवढाच, की तिथं दोरी दिसत नाही. दोरीचं काम पृथ्वीची ओढ करते. ओढ नसती तर उपग्रह सरळ रेषेत दूर निघून गेला असता. वेग नसता तर सरळ खाली आला असता. दोन्ही हवेत, आणि दोन्ही मापात हवेत. संसारासारखंच आहे म्हणा ना.

मग रॉकेट कशाला लागतं? सेकंदाला आठ किलोमीटर म्हणजे पुण्याहून मुंबई वीस सेकंदांच्या आत. खालच्या दाट हवेत एवढ्या वेगानं वस्तू पळवली तर ती तापून जळेल. म्हणून रॉकेट आधी तिला दाट हवेच्या वर नेतं आणि चढता चढता आडवं वळून तिला तो प्रचंड वेग देतं. श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटताना टीव्हीवर पाहा. सुरुवातीला ते सरळ वर जातं, मग हळूहळू कलायला लागतं. ते वाट चुकत नसतं. उपग्रहाला आडवा वेग द्यायची ती तयारी असते. नुसतं वर नेऊन सोडलं असतं, तर मामंजी म्हणतात तसंच झालं असतं, तो दगडासारखा खाली आला असता.

एकदा वेग मिळाला की त्याला पळत राहायला डिझेल लागत नाही. आपली बैलगाडी ओढणं थांबलं की थांबते, कारण चाक घासतं, वाट घासते. वर घासायला हवा जवळजवळ नाहीच. अगदी खालच्या उंचीवर थोडी विरळ हवा असते. तिथल्या उपग्रहांचा वेग हळूहळू मंदावतो, अधूनमधून धक्का दिला नाही तर ते खाली येतात आणि बहुतेक वाटेतच जळून जातात. म्हणून उपग्रहात थोडं इंधन असतं, ते जागा सांभाळण्यापुरतं.

टीव्हीवर अंतराळवीर तरंगताना दिसतात. वर ओढ नाही म्हणून ते तरंगतात, असं मला वाटायचं. तेही चूक. माणसं राहतात ते अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथं पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास नव्वद टक्के असते. मग तरंगतात कसे? जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसला असाल तर आठवा. पाळणा वरून खाली येतो तेव्हा पोटात गोळा उठतो आणि क्षणभर आपण बाकावरून उचलल्यासारखं होतं. कारण आपण आणि बाक दोघं बरोबरच खाली येत असतो. अंतराळ स्थानक आणि त्यातली माणसं बरोबरीनं अखंड पडत असतात, म्हणून त्यांचा तो क्षण संपतच नाही.

आता आणखी वर बघू. आपला चंद्र हा पृथ्वीचा उपग्रहच, फक्त माणसानं न सोडलेला. तो सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके लांब आहोत त्याच्या साठपट. मघाचा नियम लावा. साठपट अंतर, तर ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पट कमी. म्हणून इथं फळ एका सेकंदात पाच मीटर पडतं, तर चंद्र एका सेकंदात जेमतेम दीड मिलिमीटर पृथ्वीकडं पडतो. मोहरीच्या दाण्याएवढं! पण पडतो. आणि सेकंदाला सुमारे एक किलोमीटर आडवा पळतो, म्हणून साधारण २७ दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरा पुरा करतो. न्यूटननं हाच हिशेब जुळवला. अंगणातल्या फळाला आणि आभाळातल्या चंद्राला एकच नियम लागू आहे, हे तेव्हा पक्कं झालं.

जसा चंद्र पृथ्वीभोवती, तशी पृथ्वी आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. सूर्याच्या जवळ ओढ जास्त, म्हणून जवळच्या ग्रहाला जोरात पळावं लागतं. बुध ८८ दिवसांत सूर्याला फेरी घालतो, शुक्र २२५ दिवसांत, आपली पृथ्वी सव्वातीनशेपासष्ट दिवसांत, मंगळ ६८७ दिवसांत. लांबच्या ग्रहांची वाटही मोठी आणि चालही मंद. गुरूला एका फेरीला जवळजवळ बारा वर्षं लागतात. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो, कळलं? गुरू फिरत फिरत पुन्हा सिंह राशीत यायला तेवढा काळ लागतो. शनीला लागतात साडेएकोणतीस वर्षं. बारा राशींत ती वाटली तर एका राशीत साधारण अडीच वर्षं. तीन राशींची झाली साडेसात. साडेसातीचा आकडा इथून आला. शनी कुणावर डोळा ठेवून थांबलेला नसतो. तो आपल्या वाटेनं, आपल्या चालीनं निघालेला असतो, आणि सगळ्या गावासाठी तो एकाच जागी असतो. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. पण शनीची भीती घालून कुणी हजार-दोन हजार मागायला लागलं, तर हा गुणाकार आठवा आणि पर्स बंद ठेवा.

लांब गेलं की चाल मंद, हाच नियम आपल्या उपग्रहांनाही. ४०० किलोमीटर उंचीवरचं स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं, दिवसाला सुमारे सोळा फेऱ्या. चंद्राला लागतात २७ दिवस. मग या दोहोंच्या मध्ये कुठंतरी अशी उंची असणारच, जिथं एका फेरीला बरोबर एक दिवस लागेल. ती उंची आहे जवळजवळ ३६,००० किलोमीटर. पृथ्वीही स्वतःभोवती एका दिवसात एकदा फिरते. त्यामुळं विषुववृत्ताच्या वर, त्या उंचीवर, पृथ्वीच्याच दिशेनं फिरणारा उपग्रह आपल्याला एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. फुगडीत दोघी गरगर फिरतात, पण समोरचीचं तोंड कायम आपल्यासमोरच असतं ना? तसंच.

याचा पुरावा तुमच्या छपरावर आहे. आज बाहेर जाऊन गावातल्या टीव्हीच्या छत्र्या बघा. सगळ्या छत्र्यांचं तोंड दक्षिणेच्या बाजूला, थोडं इकडंतिकडं. कारण विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे आणि ते उपग्रह त्याच्या वर आहेत. बसवणारा एकदा दिशा लावून जातो, पुन्हा फिरवावी लागत नाही. उपग्रह जागेवरून हलत असता, तर मालिका बघताना आपल्याला छत्रीमागं धावावं लागलं असतं.

हवामानाचे आपले उपग्रहही तिथंच बसवले आहेत. इन्सॅट-३डीआर २०१६ साली सोडला आणि इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला, दोन्ही श्रीहरिकोट्याहून. एकाच जागेवरून सारखी नजर ठेवता येते, हाच तिथं बसवण्याचा फायदा. दिवसरात्र, थोड्या थोड्या वेळानं ते आपल्या देशाची आणि भोवतीच्या समुद्राची छायाचित्रं पाठवतात. रात्री अंधारात कसं दिसतं? जमीन, समुद्र आणि ढग यांच्यातून निघणारी उष्णता ते टिपतात. ढगाचा माथा जितका उंच, तितका तो थंड. त्यावरून ढग किती चढलेला आहे, हे कळतं.

आता नीट ऐका, कारण इथं आपली फसगत होते. उपग्रह 'उद्या पाऊस पडेल' असं सांगत नाही. तो फक्त आत्ता ढग कुठं आहेत, वाफ किती आहे, हे दाखवतो. त्याला जोडून जमिनीवरची हवामान केंद्रं, ढगांचा वेध घेणारी रडार, फुग्याला बांधून वर सोडलेली उपकरणं यांची माहिती येते. हे सगळं मोठ्या संगणकांत घालून हवामान खात्यातले शास्त्रज्ञ अंदाज काढतात. म्हणून संदेशात 'शक्यता' हा शब्द असतो. आपल्या डोक्यावर ऊन तळपत असतं तेव्हा ढग दोनशे किलोमीटरवर जमायला लागलेला असू शकतो. आपल्याला बांधापर्यंत दिसतं, त्याला अख्खा देश दिसतो. तरीही अंदाज कधी चुकतो, कधी पाऊस शेजारच्या तालुक्यात पडून जातो. अंदाज म्हणजे खात्री नव्हे. पण कागद टाकायला एक संध्याकाळ जाते आणि कांदा भिजला तर वर्ष जातं. हा हिशेब तर आपल्याला दहावी न होताही येतो.

आणखी एक. विजेची सूचना देणारं 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे. ते उपग्रहावर चालत नाही, वीज पकडणारी यंत्रं जमिनीवरच जागोजागी बसवली आहेत. शेतीच्या सल्ल्यासाठी 'मेघदूत' ॲप आहे, त्यात आपला जिल्हा निवडून मराठीत अंदाज वाचता येतो. गटातल्या निदान दोघींच्या मोबाईलमध्ये ही दोन्ही असू द्या.

आता पुन्हा आमच्या बैठकीकडं. पुढच्या महिन्यात मी हे सगळं गटात सांगितलं. सांगितलं म्हणण्यापेक्षा समाजमंदिराच्या अंगणात गोफण फिरवून दाखवली. माझा दगड भलतीकडंच गेला आणि सगळ्या जणी पळाल्या. मग वहिनीनं माझ्या हातातून गोफण घेतली आणि अशी फिरवली की बघत राहावं. म्हणाली, "दोरी म्हणजे पृथ्वीची ओढ, अन् दगड सरळ पळू बघतोय. बरोबर ना ताई?" बरोबर होतं. तिला एका वाक्यात कळलं, मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

गटानं ठराव करून तिच्या हप्त्याला सहा महिन्यांची मुदत दिली. आणि गटाच्या निधीतून दोन मोठ्या ताडपत्र्या घेतल्या. ज्या घरी माल उघड्यावर असेल, त्या घरी आधी जायच्या, एवढा एकच नियम.

मामंजींना सगळं पटलं, असं मी सांगणार नाही. ते म्हणाले, "पडतंय पण पडत नाही, हे कसलं पडणं?" पण तिनं सांगितलं तेवढं त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेतलं. सप्टेंबरात बाजरीची कणसं खळ्यावर होती तेव्हा पुन्हा पावसाचा संदेश आला. वहिनीनं ताडपत्री आणली. मामंजींनी दुसरं टोक धरलं. त्या रात्री पाऊस आमच्या गावात आलाच नाही, दोन गावं सोडून पलीकडं पडला. सकाळी मामंजी काही बोलले नाहीत. ताडपत्रीची नीट घडी घातली आणि खळ्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली. परत लागेल म्हणून.

तुमच्या गटातही गोफण फिरवून बघा. अंगण मोकळं बघून फिरवा आणि पोरांना लांब उभं करा. आणि घरात दहावीची मुलगी असेल तर तिला एकदा म्हणा, बाई, तुझा पहिला धडा मला वाचून दाखव. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.